गिट पुशवालं होस्टिंग की स्वतःचा व्हीपीएस? कनेक्शन एरर आल्यावर कुठं बरं पडतं

माझं ॲप तसं छोटंच आहे. लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानासाठी केलेलं. शेतकऱ्याचा माल लागला, वजन झालं, हमाली-तोलाई वजा झाली की पट्टी तयार होते आणि त्याच्या मोबाईलवर एसएमएस जातो. नोड (जावास्क्रिप्टमधलं ॲप चालवणारं) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस), बास. हे मी आधी दीड वर्ष गिट पुश केलं (कोड पाठवला) की आपोआप चढतं त्या टाइपच्या प्लॅटफॉर्मवर चालवलं, आता सोयाबीनचे दोन सीझन झाले व्हीपीएसवर (भाड्यानं घेतलेलं, सगळं आपणच सांभाळायचं असं सर्व्हर मशिन) आहे, म्हणजे दोन्हीकडं रात्री जागून झालंय. रॅम किती, सीपीयू किती ते तुम्ही बघालच, मी फक्त कनेक्शनची बोंब झाली की कुठं काय होतं तेवढंच सांगतो.

पहिल्या दिवसाचं बोलायचं तर प्लॅटफॉर्म सरळ पुढं आहे, यात वादच नाही. लॅपटॉपवर ॲप मस्त चालतंय, पुश केलं, बिल्ड हिरवं झालं आणि पान उघडलं तर ॲप्लिकेशन प्रतिसाद देत नाही म्हणून पाटी. शंभरातल्या नव्वद जणांचं कारण (आकडा माझ्या अंदाजाचा, मोजायला गेलो नाही) दोनपैकी एक असतं. एक तर तुम्ही ३००० पोर्ट (ॲप ज्या दारावर ऐकतं त्याचा नंबर) कोडमध्ये ठोकून दिलाय आणि प्लॅटफॉर्म स्वतःचा पोर्ट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (ॲपला बाहेरून मिळणारी सेटिंग) देतोय, नाहीतर ॲप १२७.०.०.१ वर, म्हणजे मशिनच्या स्वतःच्याच पत्त्यावर ऐकत बसलंय, म्हणजे कंटेनरच्या (ॲपची बंद खोली) आतल्या आतच. ०.०.०.० (कुठूनही आलेलं ऐक) करा, पोर्ट व्हेरिएबलमधून घ्या, झालं काम, चहा प्यायला मोकळे. गंमत अशी की व्हीपीएसवर नेमकं उलटं आहे, तिथं पुढं एंजिनएक्स (बाहेरून आलेलं ॲपकडं नेणारा वेब सर्व्हर) बसवलेला असतो आणि तो त्याच मशिनवर असतो, तर ॲपनं १२७.०.०.१ वरच ऐकावं, ३००० पोर्ट जगाला दाखवायचं काय कारण? फक्त तिथं लोकलहोस्ट असं नाव लिहू नका, आकडेच लिहा. नोड १७ पासून त्या नावाचा आयपीव्ही६ वाला (नव्या पद्धतीचा) पत्ता आधी हाती लागू शकतो, मग ॲप एका दारात बसतं आणि एंजिनएक्स दुसरंच दार वाजवत राहतो आणि तुम्हाला ५०२ (मागच्या ॲपशी बोलणं होईना, असा एरर). माझी एक अख्खी दुपार यात गेली.

आता खरा फरक. कनेक्शन रिफ्यूज्ड आणि कनेक्शन टाइम्ड आऊट या दोन्हीला आपण सरसकट कनेक्ट होईना गेलंय म्हणतो, पण ती दोन वेगळी दुखणी आहेत. रिफ्यूज्ड म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही घरापर्यंत पोचलात पण त्या दारामागं कोणीच नाही, ॲप पडलंय किंवा पोर्ट चुकलाय. टाइम्ड आऊट म्हणजे वाटेतच कोणीतरी अडवलंय आणि अडवलं हेसुद्धा सांगत नाहीये, बहुतेक फायरवॉल, नाहीतर पत्ताच चुकीचा. व्हीपीएसवर हे स्वच्छ दिसतं. एंजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये १११ दिसला की रिफ्यूज्ड, ११० दिसला की टाइमआऊट. मग एसएस कमांड मारायची, कोण कुठल्या पोर्टवर ऐकतंय ते समोर येतं, मशिनच्या आतून कर्ल (पान मागवणारी कमांड) मारायचा, मग बाहेरून मारायचा, आतून चालतंय आणि बाहेरून नाही म्हणजे चोर मध्येच कुठंतरी आहे. पाच मिनिटात गाव कळतं, गल्ली शोधायला मग वेळ लागला तरी चालतो. प्लॅटफॉर्मवर पुढं त्यांचा राउटर असतो, मागं काहीही होवो, बाहेर तोच ५०२ नाहीतर ५०३. ॲपनं स्वतः जेवढं लॉगला सांगितलं तेवढंच तुम्हाला कळणार. काही ठिकाणी आत शिरायला शेल देतात, नाही असं नाही, पण माझ्या प्लॅनला नव्हतं.

म्हणून व्हीपीएस म्हणजे स्वर्ग असं समजू नका. तिथं फायरवॉल दोन असतात, एक प्रोव्हायडरच्या पॅनेलमध्ये आणि एक मशिनच्या आत, यूएफडब्ल्यू. एक उघडून दुसरी विसरणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे. मी तर पहिल्याच आठवड्यात २२ पोर्टला (लांबून लॉगिन करायचं दार) परवानगी न देताच यूएफडब्ल्यू चालू केला, सेशन बंद केलं आणि परत आत जाता येईना, शेवटी पॅनेलमधल्या कन्सोलमधून घुसावं लागलं. डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर अजून एक सांगतो, कंटेनरचा पोर्ट पब्लिश केला की डॉकर स्वतःचे नियम घालतो आणि ते यूएफडब्ल्यूला बगल देऊन जातात, म्हणजे तुम्हाला वाटतंय ५४३२ (पोस्टग्रेसचा पोर्ट) बंद आहे आणि तुमचं पोस्टग्रेस भर चौकात मांडी घालून बसलेलं. पब्लिश करताना पुढं १२७.०.०.१ लावा. आणि लेट्स एन्क्रिप्टचं (एचटीटीपीएससाठी फुकट मिळणारं) सर्टिफिकेट ९० दिवसांचं, ८० पोर्ट कुलूप लावून ठेवलात आणि पडताळणी त्याच वाटेनं होत असेल तर रिन्यू होत नाही, मग एके दिवशी सकाळी फोन सुरू. प्लॅटफॉर्मवर असलं काहीच बघावं लागत नाही. तो आराम खरा आहे, मी नाकारत नाही.

एक प्रकार मात्र ना इकडचा ना तिकडचा, माझाच. प्लॅटफॉर्मवरून व्हीपीएसवर आलो तेव्हा डोमेनचं ए रेकॉर्ड (नावामागचा आयपीव्ही४ पत्ता सांगणारी नोंद) बदललं, घरच्या ब्रॉडबँडवर तपासलं, झकास. यार्डात गेलो तर निम्म्या लोकांच्या मोबाईलवर जुन्या होस्टचं असं काही ॲप नाही म्हणणारं पान. कॅश साफ करा, फोन बंद करून चालू करा, सगळं करून झालं. रात्री डिग (डोमेनच्या नोंदी दाखवणारी कमांड) मारून बघितलं तेव्हा कळलं, क्वाड-ए रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही६ चं, जुनंच राहिलेलं. माझं ब्रॉडबँड नुसतं आयपीव्ही४ चं, म्हणून मला दिसलंच नाही, मोबाईल डेटावाले आयपीव्ही६ नं थेट जुन्या घरी जात होते, आणि जुनं घर दार उघडून इथं कोणी राहत नाही असं सांगत होतं, म्हणून फोनसुद्धा दुसरा पत्ता ट्राय करत नव्हता. दार बंद असतं तर त्यानं केला असता. तेव्हापासून कुठलाही बदल केला की वायफाय बंद करून मोबाईल डेटावर बघितल्याशिवाय मी झालं म्हणत नाही.

डेटाबेसच्या बाबतीत दोन्हीकडं रडगाणं आहे, पण वेगवेगळं. प्लॅटफॉर्मच्या छोट्या प्लॅनला मला वीस कनेक्शनची मर्यादा होती. ॲपचा पूल (उघडी ठेवलेली कनेक्शनं) दहाचा. नवीन डिप्लॉय करताना (नवा कोड चढवताना) जुनी आणि नवी कॉपी थोडा वेळ सोबत चालतात, दहा आणि दहा वीस, आणि त्याच वेळी मी लॅपटॉपवरून डेटाबेस उघडून बसलेलो असलो की गेलं. पूल पाचवर आणला, भांडण मिटलं. व्हीपीएसवर पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० ची असते, माझ्या ॲपला ती आयुष्यभर पुरेल, पण बॅकअपची जबाबदारी माझ्या गळ्यात.

आता ज्याच्यामुळं मी प्लॅटफॉर्मवरून उठलो ते सांगतो. एसएमएस. आपल्याकडं डीएलटीचं (धंद्याच्या एसएमएससाठी लागणारं) रजिस्ट्रेशन, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव), टेम्पलेट (मेसेजचा ठरलेला मजकूर) सगळं करून झाल्यावर माझा एसएमएसवाला म्हणाला, तुमच्या सर्व्हरचा आयपी द्या, त्याच आयपीवरून आलेलं आम्ही घेऊ. दिला. दहा-बारा दिवस सुरळीत. मग ऐन दिवाळीच्या तोंडावर, यार्डात सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागलेली, दुकानातून अण्णांचा फोन, मेसेज येईना गेलेत बघ, लोकं गल्ल्यापशी येऊन उभारलेत, पट्टी झाली का म्हणून विचारूलालेत. लॉगमध्ये एकच ओळ, कनेक्शन टाइम्ड आऊट. लॅपटॉपवरून ट्राय केलं तर तिथंही टाइमआऊट, पण त्यातून काय कळणार, माझ्या लॅपटॉपचा आयपी तरी कुठं त्यांच्या यादीत होता? मला वाटलं त्यांचाच सर्व्हर बंद आहे. त्यांना विचारलं तर म्हणाले आमच्याकडं सगळं चालू आहे. दोन दिवस अण्णांनी पोराला बसवून हातानं मेसेज टाकून घेतले. शेवटी ॲपमध्येच एक छोटा राउट (ॲपचा एक वेगळा पत्ता) टाकला, तो बाहेरच्या एका सर्व्हिसला माझा आयपी काय म्हणून विचारायचा आणि छापायचा. सकाळी एक आकडा आला, संध्याकाळी डिप्लॉय केल्यावर दुसराच. यादीत दिलेला आयपी दोन्हीत नव्हता.

म्हणजे आत येणारा पत्ता पक्का, पण ॲप बाहेर जातं तेव्हा कुठल्या दारानं जातं त्याचा नेम नाही. हे त्यांच्या माहितीच्या पानावर लिहिलेलंच होतं, मीच वाचलं नव्हतं, त्यामुळं दोष तरी कोणाला द्यायचा. पक्का आयपी हवा तर वरचा प्लॅन, तो माझ्या महिन्याच्या खर्चाच्या कितीतरी पट. दुसरा उपाय म्हणजे मध्ये एक प्रॉक्सी (आपलं बोलणं पुढं पोचवणारा मधला सर्व्हर) बसवायचा आणि एसएमएस त्याच्यातून पाठवायचे. प्रॉक्सी कुठं बसवायचा? व्हीपीएसवर. म्हटलं मग व्हीपीएस आलाच की घरात, सगळं बिऱ्हाडच तिथं हलवू.

हलवलं. महिन्याला पाच-सहा डॉलर, मुंबईतलं मशिन, आयपी एकच. एसएमएसवाल्याला तो एकदा दिला, त्यानंतर तो विषय परत निघाला नाही.

तुमचं ॲप बाहेर कोणाकडं आयपी सांगून जात नसेल, म्हणजे पेमेंट, बँक, एसएमएस, एखाद्या कारखान्याचा ऑफिसातला डेटाबेस असलं काही नसेल, तर प्लॅटफॉर्मवरच राहा, उगीच लिनक्सच्या वाटेला जाऊ नका. कोचिंग क्लासची हजेरी, लग्नपत्रिकेची साइट, कॉलेजचं प्रोजेक्ट, याला व्हीपीएस म्हणजे डोक्याला ताप. पण ग्राहकाच्या गल्ल्यावर माणसं उभी राहणार असतील तर माझं मत व्हीपीएसकडं थोडं झुकतं, थोडं म्हणजे बरंच. निदान एरर आला की कुठल्या दारावर थाप मारायची ते तरी हातात राहतं. प्लॅटफॉर्मचं खातं मी बंद केलेलं नाही, नवीन माणसाला डेमो दाखवायचा असला की अजून तिथंच पुश करतो, आणि डेमोआधी दहा मिनिटं स्वतः उघडून ठेवतो, कारण फुकटच्या प्लॅनवर ते झोपलेलं असतं आणि समोरच्या शेठला वाटतं नेट गेलं.