दक्षिण जॉर्जियावर चित्रीकरण: ट्रायपॉड न्यावा की मोनोपॉड?

दक्षिण अटलांटिक महासागरातल्या दक्षिण जॉर्जिया बेटाची सफर ठरली, कॅमेरा ठरला, लेन्सही ठरली, की शेवटी एक वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न उरतो: खाली पाय तीन असावेत की एक? स्थिरचित्रे काढणाऱ्याला हा प्रश्न फारसा छळत नाही, कारण शटरचा वेग वाढवला की त्याचे बरेचसे काम भागते. व्हिडिओ करणाऱ्याचे तसे नसते. 400 किंवा 600 मिलिमीटरच्या, दूरचे जवळ आणणाऱ्या लेन्सवर हाताचा कंप प्रत्येक शॉटमध्ये उतरतो, आणि तो नंतर संगणकावर घालवायला गेले की चित्राच्या कडा कापाव्या लागतात. मी या बेटावर दोन्ही साधने वापरली आहेत आणि माझ्यापुरता निर्णय झालेला आहे. तो सगळ्यांना लागू पडेल असा माझा दावा नाही, पण निवड करताना कोणत्या गोष्टी पारखून घ्याव्यात, एवढे मात्र या तुलनेतून कळावे.

आपल्याकडचे बहुतेक वन्यजीव चित्रीकरण करणारे लोक जिप्सीत तयार झालेले असतात. ताडोबात गाडीतून पाय खाली ठेवायचाच नसतो, त्यामुळे दांडीवर बीनबॅग, म्हणजे दाणे भरलेली मऊ पिशवी, टाकली की आधाराचा प्रश्न मिटतो. दक्षिण जॉर्जियावर गाडी नाही आणि विमानाची धावपट्टीही नाही. जहाजातून झोडियाक नावाच्या रबरी बोटीत आणि झोडियाकमधून लाटेच्या पाण्यात उतरून किनारा गाठायचा, आणि मिळालेल्या दोन-तीन तासांत जे जमेल ते पायी फिरून टिपायचे. त्यात 2023 च्या ऑक्टोबरमध्ये बेटाच्या वायव्य टोकाजवळच्या बर्ड आयलंडवर स्कुआ पक्ष्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला, आणि पुढच्या जानेवारीत सीलमध्येही त्याची खात्री झाली. तेव्हापासून किनाऱ्यावर बसायचे नाही, गुडघे टेकायचे नाहीत, आडवे व्हायचे नाही आणि बॅगही खाली ठेवायची नाही, असे बंधन आले. म्हणजे बीनबॅग बाद झाली आणि वाळूवर पोटावर पडून पेंग्विनच्या नजरेच्या उंचीवरून घ्यायचे शॉटही गेले. ड्रोनला परवान्याशिवाय मज्जाव आधीपासूनच आहे. उरतो तो उभ्याने वापरायचा आधार, आणि म्हणूनच ट्रायपॉड की मोनोपॉड या निवडीला पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे.

ट्रायपॉडची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखरच भक्कम आहे. सेंट अँड्र्यूज बेमध्ये राजा पेंग्विनांच्या सुमारे दीड लाख जोड्या असतात. या पेंग्विनांचे घरटे नसते. अंडे पायांवर घेऊन पोटाच्या घडीखाली उबवले जाते आणि पुढे पिल्लू नुसत्या आवाजावरून ओळखले जाते. समुद्रावरून परतलेला पालक गर्दीच्या कडेला उभा राहतो, मान ताणून साद घालतो, थांबतो, पुन्हा साद घालतो. मग तपकिरी लवीच्या शेकडो पिल्लांमधले एक कुठून तरी उत्तर देत वाट काढू लागते. हा प्रसंग चित्रीत करायचा तर चौकट बांधून पाच-दहा मिनिटे न हलता थांबावे लागते आणि पिल्लू दिसताच संथ, एकसारख्या गतीने पॅन करावा, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवावा लागतो. चांगल्या फ्लुइड हेडखाली, म्हणजे कॅमेरा अडखळू न देता फिरवणाऱ्या बैठकीखाली, तीन पाय असतील तर हे सहज साधते. मोनोपॉडवर हाच शॉट घेताना दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला चित्र किंचित डोलू लागते. कॅमेऱ्यातले स्थिरीकरण ते बरेचसे झाकते, पण तज्ज्ञ नजरेला ते कळते.

हत्ती सीलच्या नरांबाबतही तेच. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या झुंजी ऐन भरात असतात, पण बहुतेक आव्हाने नुसत्या डरकाळीवर मिटतात आणि खरी झुंज कधी पेटेल ते सांगता येत नाही. तीन-चार टनांचे दोन नर छातीला छाती भिडवतात तो क्षण हवा असेल, तर त्यांच्यावर कॅमेरा रोखून ताटकळत राहणे आले आणि हे ताटकळणे हातांपेक्षा ट्रायपॉडला अधिक झेपते. शिवाय पाय पूर्ण फाकवून ट्रायपॉड खाली आणता येतो, त्यामुळे स्वतः न बसता, नुसते वाकून आणि कॅमेऱ्याचा पडदा वर वळवून, आईने सोडलेल्या सील पिल्लाच्या डोळ्यांच्या उंचीवरून चित्र घेता येते. मोनोपॉड आखूड केला तरी कंबरेच्या थोडा खालीच येतो. राजा पेंग्विनसाठी तेवढे पुरेसे आहे, कारण तो स्वतःच जवळजवळ तीन फूट उंच असतो, पण वाळूत लोळणाऱ्या पिल्लासाठी ते कमी पडते. बॅग खाली ठेवता येत नसल्यामुळे ती ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला टांगण्याची सोय होते, हा आणखी एक फायदा: पाठ मोकळी होते आणि वाऱ्यात ट्रायपॉडला वजनही मिळते.

वाऱ्याबद्दल मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. वारा असतो म्हणून ट्रायपॉड हवाच, असे जे सांगितले जाते ते मला अर्धेच खरे वाटते. बेटाच्या मध्यभागी बर्फाच्छादित पर्वतरांग आहे आणि हिमनद्यांवरून थंड, जड हवा अचानक खाली कोसळते; किनाऱ्यावर पाच मिनिटांपूर्वी निवांत असलेली हवा टोपी उडवून नेण्याइतकी जोराची होते. त्या झोतात 600 मिलिमीटरची लेन्स शिडासारखी वारा धरते आणि ट्रायपॉडवरही थरथरते. लेन्सच्या तोंडावरचे हूड काढणे आणि स्वतःच्या पाठीचा आडोसा करणे हे उपाय दोन्ही साधनांना सारखेच लागू आहेत. मोनोपॉडवर माझे शरीर कॅमेऱ्याला चिकटलेले असते, त्यामुळे बारीक थरथर कमी आणि मोठे डोलणे जास्त, असा माझा अनुभव आहे. आणि डोलणे संगणकावर सावरणे थरथर घालवण्यापेक्षा सोपे जाते.

आता हालचालीकडे येऊ. नोव्हेंबरपासून फर सीलचे नर किनारे बळकावू लागतात आणि डिसेंबरमध्ये काही किनाऱ्यांवर उतरायलाही जागा उरत नाही. प्रायन आयलंड, जिथे भटक्या अल्बाट्रॉसची घरटी लाकडी पायवाटेवरून पाहता येतात, ते तर याच कारणाने 20 नोव्हेंबर ते 7 जानेवारी बंदच असते. फर सील दिसायला कुत्र्याएवढा वाटला तरी तो चाल करून येतो आणि चावतो. मार्गदर्शक अशा वेळी हातातली काठी पुढे धरून शांतपणे मागे सरायला सांगतात, मारायला अर्थातच नाही. मोनोपॉड हातात असला की ती काठी आपल्याकडे आपोआप असते, कॅमेरा वरून काढून गळ्यात घेतला म्हणजे झाले. ट्रायपॉड उभा केलेल्या माणसाला मात्र आधी तीन पाय उचलायचे असतात. प्राण्यापासून किमान 5 मीटर अंतराचा नियम पेंग्विनांना ठाऊक नसल्याने ते कुतूहलाने चालत येतात आणि मागे सरायचे काम आपल्याकडे येते. तिथेही एक पाय बरा. हर्क्युलिस बेसारख्या ठिकाणी मॅकरोनी पेंग्विन झोडियाकमधूनच पाहायचे असतात, आणि तिथे ट्रायपॉड बॅगेतून बाहेरही काढता येत नाही, तर मोनोपॉड आखूड करून गुडघ्यांत धरता येतो. जहाजाच्या डेकवर मात्र दोन्ही निरुपयोगी आहेत. इंजिनाचा कंप पायातून थेट लेन्समध्ये चढतो, म्हणून उडत्या अल्बाट्रॉससाठी हात हाच आधार.

इथपर्यंतचा हिशोब केला तर पारडे जवळपास समतोल आहे, कदाचित चित्राच्या दर्जाकडे पाहता ट्रायपॉडकडे थोडे झुकलेलेही. माझा निर्णय ज्याने केला ती गोष्ट चित्राशी संबंधित नाहीच. ती आहे धुणे.

दक्षिण जॉर्जियाने बाहेरून आलेल्या जीवांचा फार मोठा भुर्दंड सोसला आहे. सील आणि देवमासे मारणाऱ्यांच्या जहाजांतून उंदीर उतरले, 1911 मध्ये नॉर्वेच्या लोकांनी शिकारीसाठी रेनडिअर आणून सोडले. रेनडिअर 2013 ते 2015 दरम्यान हटवले गेले, उंदरांसाठी 2011 पासून हेलिकॉप्टरने विषारी आमिष टाकण्याची मोहीम झाली आणि 2018 मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झाले. एवढे केल्यावर तिथले सरकार एखाद्या गवताच्या बीलाही सवलत देत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून बूट, पँटचे काठ, खिशांचे कोपरे, वेल्क्रोच्या पट्ट्या आणि जमिनीला लागणारे प्रत्येक साधन किनाऱ्यावर जाण्याआधी तपासले जाते. परतल्यावर पुन्हा घासून जंतुनाशक द्रावणात बुडवावे लागते. बर्ड फ्लूनंतर हे अधिकच काटेकोर झाले आहे.

आता ट्रायपॉडचा पाय जवळून पाहा. चार भागांच्या पायाला तीन लॉक, म्हणजे तीन पायांना नऊ. पिळून घट्ट करायच्या लॉकमध्ये आटे असतात, आतल्या बाजूला प्लास्टिकची चकती असते. हिमनदीने दळलेली पिठासारखी बारीक वाळू, पेंग्विनांची विष्ठा आणि समुद्राचे पाणी यांचा करडा लगदा त्या आट्यांत जाऊन बसतो आणि वाळला की लॉक करकर वाजू लागतो. खटक्याच्या लॉकमध्ये हे कमी होते म्हणतात, पण तिथे खिळीच्या मागची खाच साफ होत नाही. व्हिडिओच्या ट्रायपॉडला मधोमध स्प्रेडर, म्हणजे तिन्ही पायांना जोडणारा आधार, असेल तर त्याचे सांधे वेगळे. आणि पायांना जो फोमचा वेढा असतो, जो थंडीत हाताला इतका सुखद वाटतो, त्यात असीना या तिथल्या झुडपाची आकडेदार बोंडे अशी रुततात की ती चिमट्याने एकेक करून काढावी लागतात. दिवसातून दोन वेळा उतरणे झाले तर हे सगळे दोनदा, आणि तेही डेकवर, बोचऱ्या वाऱ्यात, मागे बूट धुण्यासाठी रांग ताटकळत असताना. संध्याकाळी खोलीत पुन्हा टूथब्रश घेऊन बसायचे ते वेगळेच. ज्या वेळात दिवसभराचे चित्रीकरण पाहून, कार्डांची प्रत करून, उद्या काय राहिले आहे याची यादी करायची, तो वेळ आटे घासण्यात जातो.

याचा परिणाम चित्रीकरणावर होतो आणि तो मला जास्त खटकला. धुवायचे आहे हे मनात असले की माणूस ट्रायपॉड चिखलात रोवायचे टाळू लागतो, पाय पूर्ण न उघडता कोरड्या गोट्यांवरच उभा राहतो, आणि टसॅक या उंच झुबक्यांनी वाढणाऱ्या गवताच्या दलदलीत शिरायचे टाळतो. नेमक्या त्याच गवतात दक्षिण जॉर्जिया पिपिट असते. चिमणीपेक्षा जरा मोठा हा पक्षी जगात दुसरीकडे कुठेही आढळत नाही, बेटावर गाणारा पक्षी म्हणावा असा तो एकटाच, आणि उंदीर गेल्यानंतर तो पूर्वीच्या जागी परतला आहे. तो एका ठिकाणी थांबत नाही, टसॅकच्या ढेकळांतून किनाऱ्यावरच्या वाळक्या केल्पवर, म्हणजे समुद्री शेवाळावर, येतो, दोन किडे टिपतो आणि पुन्हा आत जातो. त्याच्यामागे जाताना मोनोपॉड खांद्यावरून खाली टेकवला की चौकट तयार, आणि बोटीवर परतल्यावर धुवायचे लॉक तीन.

मोनोपॉडची खोट सांगितली नाही तर ते न्यायाचे होणार नाही. व्हिडिओच्या मोनोपॉडला तळाशी तीन छोटे पंजे आणि फिरता सांधा असतो. त्या सांध्यात वाळू गेली की पॅन अडखळतो. माझ्याकडचा तळ आटे फिरवून सुटा करता येतो, त्यामुळे ओल्या वाळूवर मी तो लावतच नाही, साधे रबरी टोक वापरतो. विकत घेताना तळ सुटा होतो की नाही, हे आवर्जून पाहावे.

ऑक्टोबरमध्ये किंवा नोव्हेंबरच्या आरंभी जाणाऱ्याने, विशेषतः ज्याला सीलच्या झुंजी किंवा पेंग्विनांचे दीर्घ प्रसंग हवे आहेत आणि ज्याच्याबरोबर धुण्याला हातभार लावणारा सोबती आहे, त्याने ट्रायपॉड खुशाल न्यावा. फक्त फोमचे वेढे घरीच काढून ठेवावेत आणि स्प्रेडर नसलेला पाहावा. एकट्याने जाणाऱ्याला, किंवा डिसेंबरनंतर जाणाऱ्याला, मला मोनोपॉड सुचवावासा वाटतो, आणि हेड मात्र दोन्हींवर बसेल असे घ्यावे. किनाऱ्यावर काय चालेल याबाबत जहाजावरच्या मोहीमप्रमुखाचा शब्द अखेरचा असतो, त्यामुळे नोंदणी करतानाच त्यांना लेखी विचारून घेतलेले बरे.