होमरन किती, आणि वरच्याचं काय? हौशी सॉफ्टबॉल लीगच्या नियमांची तुलना

सोसायटीच्या आवारात क्रिकेट खेळलेल्या माणसाला हा विषय नवा नाही. डायरेक्ट कंपाउंडबाहेर गेला तर आउट, टप्पा पडून गेला तर चार. चेंडू एकच, खिडक्या बऱ्याच. अमेरिकेत नगरपालिकेच्या मैदानांवर चालणाऱ्या हौशी स्लो-पिच सॉफ्टबॉल लीगमध्ये हाच नियम ‘होमरन लिमिट’ या नावाने भेटतो. होमरन म्हणजे एकाच फटक्यावर चारही बेस (मैदानातल्या चौकोनाचे चार कोपरे) पूर्ण करणं, बहुतेकदा चेंडू थेट कुंपणापार मारून; एका सामन्यात असे किती चालतील त्याची ही मर्यादा. ऑफिसची किंवा मंडळाची टीम पहिल्यांदा उतरवणारे आपले लोक तो वाचून गोंधळतात. कोणत्या लीगमध्ये नाव घालावं, किंवा स्वतःची छोटी लीग असेल तर कोणता नियम ठेवावा, हे ठरवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. मी न्यू जर्सीत काही उन्हाळे पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून खेळलो आहे आणि माझं मत त्याच जागेवरून बनलं आहे.

मर्यादा लागतेच का, हे आधी पाहू. स्लो-पिचमध्ये चेंडू खालून, कमान करून टाकतात. यूएसए सॉफ्टबॉल या तिथल्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमाप्रमाणे तो जमिनीपासून किमान 6 फूट उंच जावाच लागतो. म्हणजे फलंदाजाला पाहायला, पाय रोवायला आणि पूर्ण ताकद लावायला भरपूर वेळ मिळतो. त्यात हातात काँपोझिट बॅट (कार्बन फायबरसारख्या थरांची, चेंडू लांब उडवणारी). पुरुषांसाठी 300 फुटांवर कुंपण असावं असं मानतात. क्रिकेटच्या सर्वात लांब सीमारेषेपेक्षाही ते लांब आहे. पण गावातल्या पार्कात कुंपण बऱ्याचदा त्याहून बरंच अलीकडे असतं, आणि पलीकडे पार्किंग, रस्ता किंवा कुणाचं तरी अंगण. एखाद्या संघात चार तगडे फलंदाज असले की बाकीचे सगळे चेंडू वर जाताना नुसते बघत राहतात. तासाभराच्या सामन्यात तिसरी इनिंगही संपत नाही.

एक गोष्ट सगळीकडे साधारण सारखी असते. मोजायचा तो फक्त हवेतून थेट कुंपणापार गेलेला चेंडू. मैदानातच राहिलेल्या चेंडूवर चारही बेस धावून काढलेला होमरन मर्यादेत धरत नाहीत. क्षेत्ररक्षकाच्या हाताला लागून पलीकडे गेलेला चेंडूही यूएसए सॉफ्टबॉलच्या नियमात धरला जात नाही.

आता पर्याय. मर्यादाच नसलेल्या लीगबद्दल थोडक्यात सांगतो: कुंपण खरोखर लांब असेल आणि सगळे संघ एका ताकदीचे असतील तर मजा येते, नाहीतर जुलै संपेपर्यंत दुबळ्या संघांची माणसं यायची बंद होतात. दुसरं टोक म्हणजे शून्य होमरन, कुंपणापार गेला की आउट. घरं जवळ असतील तर यावर चर्चाच नको, हाच नियम ठेवा.

खरी निवड मधल्या दोन पद्धतींत आहे. एका पद्धतीत आकडा ठरलेला असतो: प्रत्येक संघाला सामन्यात तीन, चार किंवा सहा होमरन. मोठ्या संघटना संघांचे वर्ग पाडतात आणि वरच्या वर्गाला जास्त, खालच्याला कमी होमरन देतात. हा नियम समजायला सोपा, आणि अंपायरला नुसते मोजायचे असतात. पण बलवान संघ आपले चार होमरन पहिल्या दोन इनिंगमध्येच मारून मोकळा होतो आणि सामना तिथेच फिरतो. दुबळ्या संघाचे चार होमरन कागदावरच राहतात, कारण त्यांच्याकडे ते मारणारं कुणी नसतं.

दुसऱ्या पद्धतीला ‘वन-अप’ म्हणतात. समोरच्या संघापेक्षा फक्त एक होमरन पुढे राहता येतं. तुम्ही एक मारलात की त्यांनी एक मारेपर्यंत थांबायचं; त्यांनी बरोबरी केली की तुम्हाला पुन्हा एक मिळतो. ताकदीत फरक असलेल्या संघांमध्ये हा नियम मला जास्त न्याय्य वाटतो, कारण बलवान संघाला किती होमरन मारता येतील हे दुबळ्या संघाच्या ताकदीवर ठरतं. अडचण हिशेबाची आहे. तुम्ही सध्या पुढे आहात की बरोबरीत, हे प्रत्येक फलंदाजाला उभं राहण्याआधी माहीत हवं. दोन स्कोअररची वही जुळली नाही की वाद होतोच. शेवटच्या इनिंगमध्ये यजमान संघाला (जो नंतर फलंदाजी करतो) एक पुढे जाता येतं की फक्त बरोबरी करता येते, हे प्रत्येक लीगमध्ये वेगळं असतं; मोसम सुरू होण्याआधी विचारून घ्या.

पण आकड्यावर वाद घालणारे बहुतेक जण त्याहून मोठा प्रश्न विसरतात: मर्यादेच्या वरच्या होमरनचं काय होतं? मोठ्या संघटनांच्या नियमात फलंदाज आउट, चेंडू मृत, धावपटू होते तिथेच. काही लीग त्याला सिंगल धरतात, म्हणजे फलंदाजाला फक्त पहिला बेस मिळतो. क्वचित कुठे इनिंगच संपवतात. हौशी लीगसाठी ते फार कठोर आहे.

एका सामन्यात आमच्या संघाचा कोटा संपला होता. बेस भरलेले, दोन आउट, आणि आमच्या संघातला एक मुलगा आयुष्यातला पहिला होमरन मारून बसला. तो तिसरा आउट धरला गेला, म्हणून इनिंग संपली, सामना हरलो. मोसमभर सराव करून जमलेला फटका, आणि तो खाली मान घालून डगआउटकडे (संघाच्या बाकाकडे) येत होता. त्या दिवसापासून नवख्यांच्या लीगमध्ये मी सिंगलच्या बाजूने आहे.

याला दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. कोटा संपल्यावर ‘आउट’ची भीती असलेला तगडा फलंदाज उंच मारायचं सोडतो आणि चेंडू सरळ, खाली, मधून मारतो. मधे पिचर असतो, 50 फुटांवर. बॅटला मान्यता देताना यूएसए सॉफ्टबॉल फटक्याच्या वेगाची हद्द ताशी 98 मैल धरते. त्या वेगाने आलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत तोंडापाशी पोचतो. माझ्या बरगडीला एकदा असाच लागला आहे, आणि तो कोटा संपल्यानंतरचाच फटका होता. म्हणून जिथे आकडा लहान आणि शिक्षा ‘आउट’ची, तिथे पिचरला फेसमास्क सक्तीचा करा. पिचरपुढे जाळी लावायची परवानगी असेल तर उत्तमच.

नियम न बदलताही होमरन कमी करता येतात, हे फार थोड्यांना सुचतं. चेंडू बदला. त्यावर दोन आकडे छापलेले असतात: .52/300 किंवा .44/375. पहिला उसळीचा, दुसरा कठीणपणाचा. काँपोझिट बॅटवर कठीण चेंडू जास्त पळतो, म्हणून 300 चा चेंडू ठेवला तर कुंपणही थोडं सुरक्षित आणि पिचरही. घासून पातळ केलेल्या बॅटा तपासणं हे याच कामाचा भाग आहे. लीगने संघांना चेंडू स्वतः पुरवणं सगळ्यात बरं.

एवढ्यावरून ठरवायचं झालं तर मी असं ठरवीन. नवे खेळाडू, मिश्र संघ, एकच मैदान: वन-अप ठेवा, वरचा होमरन सिंगल धरा आणि चेंडू 300 चा वापरा. वर्षानुवर्षं खेळणारे, साधारण एका ताकदीचे संघ: ठरलेला आकडा आणि आउट. त्यांना कोटा केव्हा खर्च करायचा याची चाल खेळता येते, आणि ते सामने पाहायलाही मी थांबतो. संघ नवा आहे आणि जवळच्या लीगमध्ये फक्त मर्यादा नसलेला वर्ग शिल्लक आहे, असं असेल तर एक मोसम थांबा, किंवा त्या मैदानावर एक सामना बाहेरून बघून या. चेंडू कुंपणापार किती वेळा जातो आणि तो आणायला कोण जातं, हे मोजा.

नाव नोंदवताना लीगच्या माणसाला तीन गोष्टी लेखी विचारा: आकडा किती, वरच्या होमरनचं काय, आणि होमरन मारणाऱ्याला बेस धावायचे की सरळ डगआउटला यायचं. तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटते. पण बऱ्याच लीग वेळ वाचवण्यासाठी धावायला लावत नाहीत, आणि आपला क्रिकेटमधून आलेला मुलगा उत्साहात धावत सुटला तर समोरच्यांना तो डिवचल्यासारखा वाटतो.