तिरफळाच्या वासावर व्हॅली बुलेव्हार्ड

लॉस एंजेलिसला आमच्याकडे आलेले पाहुणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हमखास म्हणतात, "इथलं अस्सल चायनीज खायचंय." मी विचारते, "कुठल्या प्रांताचं?" त्यावर सगळे एकमेकांकडे बघतात. मी खवचटपणा करत नसते. सेचुआनचं (आपण ज्याला शेजवान म्हणतो) हवं तर ॲल्हॅम्ब्रा, शिआन शहराकडचं हवं तर मॉन्टेरे पार्क किंवा रोझमीड आणि डिमसम, म्हणजे कँटनी पद्धतीचे वाफवलेले छोटे पदार्थ, हवं तर सकाळी दहाच्या आत बाहेर पडायला हवं. नुसतं 'चायनीज' म्हटल्यावर फ्रीवेवरून कुठे उतरायचं तेच ठरत नाही.

मंचुरियनशी माझं काही वाकडं नाही. नेल्सन वाँग यांनी ते 1975 मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात पहिल्यांदा केलं, म्हणजे ते जन्मानं मुंबईकर. स्टेशनबाहेरच्या गाडीवरचा ट्रिपल शेजवान मलाही आठवतो आणि आठवला की आम्ही आर्टिशियाला, पायोनियर बुलेव्हार्डच्या देशी दुकानांत जातो. चिनी हॉटेलांनी भरलेल्या व्हॅली बुलेव्हार्ड या रस्त्यावर जाऊन मंचुरियन शोधणं म्हणजे दोन्हीकडून उपाशी राहणं.

आम्ही राहतो डायमंड बारला. तिथून पश्चिमेला निघालं की रोलंड हाइट्सपासून ॲल्हॅम्ब्रापर्यंत सगळं सॅन गेब्रियल व्हॅली. एकाला एक चिकटलेली बैठी गावं, गावागावांत दुकानांच्या लांबट चाळी आणि प्रत्येक चाळीपुढे पुरी न पडणारी पार्किंगची जागा. पर्यटक लॉस एंजेलिस शहरातल्या जुन्या चायनाटाउनमध्ये फोटो काढतात. चिनी माणसं मात्र जेवायला इकडे उपनगरात येतात. त्याचं कारण 1970 च्या दशकातलं. फ्रेडरिक शे नावाच्या घरं-जमिनी विकणाऱ्या गृहस्थानं मॉन्टेरे पार्कची 'चिनी बेव्हर्ली हिल्स' अशी जाहिरात तैवान आणि हाँगकाँगच्या सुखवस्तू लोकांपर्यंत पोहोचवली. लोक आले, घरं घेतली, पुढच्या दशकात दुकानांच्या चिनी पाट्यांवरून गावात भांडणं झाली आणि 1990 च्या जनगणनेत मॉन्टेरे पार्क हे अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं आशियाई बहुसंख्या असलेलं पहिलं शहर ठरलं. आधी तैवान-हाँगकाँगचे, मग चीनच्या आतल्या प्रांतांतले. जो जिथून आला त्यानं तिथलं हॉटेल काढलं. मालकांना गिऱ्हाईकही गाववाल्यांचंच मिळालं, त्यामुळे चव सौम्य करायची कुणाला गरज पडली नाही. सगळी मजा त्यातच आहे.

आता ओळखायचं कसं? मेन्यूत ऑरेंज चिकन (गोडसर, अमेरिकन चायनीज), थाई नूडल्स आणि सुशी शेजारी शेजारी दिसली की मी नमस्कार करून बाहेर पडते. (ऑरेंज चिकन देशभर नेणाऱ्या पांडा एक्स्प्रेसचं मुख्यालय याच व्हॅलीत, रोझमीडला आहे. तिथले कर्मचारी दुपारी कुठे जेवतात हे मला फार जाणून घ्यायचं आहे.) पाटीवर शहराचं किंवा प्रांताचं नाव असेल तर आशा धरायला हरकत नाही. मेन्यू उघडण्याआधी टेबलं बघा. दर दुसऱ्या टेबलावर एकच पदार्थ असेल तर तोच मागवायचा, उगाच शहाणपणा करायचा नाही. भिंतीवर फक्त चिनी अक्षरांत चिकटवलेले कागद असतील तर फोनचा कॅमेरा त्यांच्यावर धरा. भाषांतर विनोदी येतं, पण निदान प्राणी कुठला ते कळतं. लॉस एंजेलिस काउंटीत 1998 पासून हॉटेलांच्या दारावर स्वच्छतेची ए, बी, सी अशी श्रेणी लावतात. इथे त्यावर एक जुना विनोद आहे: ए म्हणजे अमेरिकन चायनीज, बी म्हणजे बेटर चायनीज आणि सी म्हणजे चायनीज. हसायला ठीक आहे. बीपर्यंत मी जाते, सी दिसला की पुढचं दार.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे माणसाला विचारणं, आणि तेही नीट विचारणं. ऑफिसात माझ्या शेजारी चेंगदूची, म्हणजे सेचुआनच्या राजधानीची, एक मुलगी बसते. तिला मी एकदा विचारलं होतं, "चांगलं चायनीज कुठे मिळतं?" तिनं अदबीनं एका महागड्या हॉटेलचं नाव सांगितलं. मग काही महिन्यांनी विचारलं, "तुझी आई इकडे आली की कुठे जेवते?" त्यावर एका दमात तीन नावं आली आणि त्यातलं पहिलं होतं चेंगदू टेस्ट.

हे ॲल्हॅम्ब्रात, व्हॅली बुलेव्हार्डवर 2013 मध्ये सुरू झालं. जोनाथन गोल्ड यांनी त्यावर भरभरून लिहिलं होतं. पत्रकारितेतलं पुलित्झर पारितोषिक मिळवणारे ते पहिले खाद्यसमीक्षक, 2007 सालचे. या व्हॅलीतल्या चाळीवजा दुकानांना त्यांनी जी इज्जत मिळवून दिली ती दुसऱ्या कुणाला जमली नाही. तरी मी त्यांच्या शब्दाखातर गेले नव्हते, शेजारणीच्या आईखातर गेले.

दार उघडताच जो वास आला तो मला पाठ होता. मी वेंगुर्ल्याची. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ पडलं की घरभर जो लिंबाच्या सालीसारखा, किंचित औषधी वास सुटतो, तोच. सेचुआनची मिरी, म्हणजे ह्वाज्याओ, आणि आपलं कोकण-गोव्याचं तिरफळ एकाच कुळातली आहेत, चुलत भावंडं. दोन्हींचं टरफल वापरायचं आणि आतली काळी बी टाकून द्यायची. नंतर एकदा माझी आई इकडे आली तेव्हा तिला तिथे नेलं. तिनं हिरव्या ह्वाज्याओच्या रश्शातल्या माशाचा पहिला चमचा तोंडात घेतला, थांबली आणि म्हणाली, "गो, ह्यां तिरफळच मां!" पुढची पंधरा मिनिटं ती कुणाशी बोलली नाही.

या माशाबद्दल कोकणी माणसाला दोन शब्द आधीच सांगायला हवेत. मासा पांढरा, मऊ, जवळजवळ बिनचवीचा असतो आणि तो तसाच असायचा आहे. इथे बांगड्याचं काम नाही. सगळा खेळ रश्शाचा. वर हिरव्या ह्वाज्याओचे झुपके तरंगतात, तिखट आधी लागतं, मग ओठांना मुंग्या येतात आणि मग पाणी प्यायलं तर पाणीही वेगळंच लागतं. 2013 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ओठांवरची ही थरथर मोजली, तर ती सेकंदाला सुमारे 50 कंपनं भरली. नवरा विजेचा इंजिनियर आहे. तो म्हणाला, "म्हणजे भारतातल्या विजेएवढी. इथली साठ असते."

दुसरा पदार्थ टूथपिकवरचं मटण. कोकराच्या मांसाचे बारीक तुकडे, प्रत्येकात एक काडी खुपसलेली, जिरं आणि लाल मिरचीत खमंग परतलेले. मुलांना देऊ नका असं मी म्हणणार होते, पण आमच्या मुलीनंच ताट संपवलं. तिसरं, मुगाच्या सत्त्वाच्या थंडगार, थरथरत्या पट्ट्या, वर मिरचीचं तेल. त्यांना ल्यांगफन म्हणतात. ते सगळ्यात आधी मागवा, म्हणजे बाकीचं येईपर्यंत जीभ तयार होते. भात मागवायचाच, नाहीतर कुणाचं तरी रडं ठरलेलं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. लिंबूवर्गीय झाडांना होणाऱ्या कँकर रोगाच्या भीतीनं अमेरिकेनं 1968 पासून 2005 पर्यंत ह्वाज्याओच्या आयातीवर बंदी घातली होती. बंदी उठली तीही मिरी आधी गरम करून रोगजंतू मारायच्या अटीवर. सामानातून थोडंफार येत असणारच. आमच्याही पिशव्यांत काय काय येतं ते आपण जाणतोच. पण राजरोसपणे ताजा माल वापरणारी सेचुआनी हॉटेलं इथे अलीकडची का, हे त्यावरून समजतं. 'सेचुआन' नावाचं गोडसर, लालभडक काहीतरी अमेरिकेत वर्षानुवर्षं ज्यांनी खाल्लं, त्यांच्या ताटात मुख्य जिन्नसच नव्हता.

आता शाकाहाऱ्यांचं. माझ्या सासूबाई पुण्याच्या, अंडंसुद्धा नाही. एका हॉटेलात (नाव घेत नाही) आम्ही "नो मीट" असं तीन-तीनदा सांगून फरसबी मागवली. आली ती डुकराच्या खिम्यासकट. विचारलं तर उत्तर मिळालं, "थोडंसंच आहे, चवीला." त्यांच्या लेखी खिमा म्हणजे मसाला, मांस म्हणजे मोठे तुकडे. मापो टोफूचं तेच, टोफू बघून फसू नका. शेजारणीनं मग मला एक वाक्य शिकवलं, "वो छ् सू", मी शाकाहारी आहे. ते म्हटल्याबरोबर दुसरीकडच्या वाढणाऱ्या बाईंचा चेहराच बदलला. त्यांनी उलट विचारलं, "मग कांदा-लसूण चालतो?" चिनी बौद्धांच्या शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. सासूबाईंना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बघ, म्हणजे यांचा बारा महिने चातुर्मास!" त्या दिवसापासून चिनी लोकांबद्दल त्यांचं मत एकदम वर गेलंय.

त्यांच्यासाठी माझी शिफारस हॉटेलाची नाहीच. हॅसिएंडा हाइट्सच्या टेकडीवर शी लाय नावाचं मोठं बौद्ध मंदिर आहे, तैवानच्या फो ग्वांग शान पंथाचं, 1988 मध्ये पूर्ण झालेलं. तिथल्या भोजनगृहात दुपारी शाकाहारी जेवण मिळतं. भाज्या, टोफू, भात, सूप. सौम्य, गरम, स्वच्छ. फार अपेक्षा ठेवू नका, पण ताटातलं काय काय ते विचारत बसावं लागत नाही आणि त्याची किंमत शाकाहारी माणसालाच कळते.

शिआनसाठी मात्र भूक आणि सवड दोन्ही घेऊन जा. पाओमो मागवलं की पुढ्यात रिकामा वाडगा आणि टणक, गोल पाव येतात. ते तुम्ही हातानं तोडायचे, नखाएवढे बारीक. मग वाडगा आत जातो आणि मटणाचा रस्सा, काचेसारख्या शेवया घालून परत येतो. सोबत मुरवलेला लसूण. काही ठिकाणी पाव आधीच कापून देतात. तिथे बसू नका, कारण कापलेला पाव रस्सा पीत नाही. माझा कोल्हापूरचा मावसभाऊ आला होता, त्याला काही शिकवावं लागलं नाही. भाकरी कुस्करणारा हात तो, बघता बघता वाडगा भरला. नवऱ्याचे तुकडे मोठे झाले म्हणून बाईंनी वाडगा परत त्याच्यापुढे ठेवला आणि मानेनंच सांगितलं, अजून.

बाकीचं थोडक्यात. ॲल्हॅम्ब्रातलं डोलान्स हे उइगुरांचं, म्हणजे चीनच्या वायव्येकडच्या मुस्लिम लोकांचं. हातानं ओढलेल्या नूडल्स, बटाट्यासकट येणारं मोठ्या थाळीतलं कोंबडं, जिऱ्याचा सढळ हात. हलाल आहे, चार-सहा जणांनी मिळून जा. हुनान प्रांताचं जेवण सेचुआनपेक्षा तिखट लागतं, कारण तिथे मुंग्या आणून जिभेला सूट देणारं ह्वाज्याओ नसतं, नुसती मिरची. धुरावलेलं डुकराचं मांस मात्र चुकवू नका. सुपानं भरलेल्या डंपलिंगसाठी प्रसिद्ध तैवानी डिन ताय फंगनं अमेरिकेतली पहिली शाखा 2000 मध्ये इथेच, आर्केडियात काढली. उत्तमच आहे, पण आता ती बऱ्याच शहरांत मिळते, त्यामुळे पाहुण्यांचा दिवस त्यावर घालवू नये.

आणि जाण्याआधी फोन करा. इथे आचारी भांडून निघतो, दोन चौक पलीकडे स्वतःचं दुकान टाकतो आणि जुनी पाटी तशीच राहते. रोख डॉलरही जवळ असू द्या, छोट्या दुकानांत कार्ड पुढे केलं की काउंटरवरच्या आजी बोटानं भिंतीवरची पाटी दाखवतात.