ऑक्सबो क्रिटिकल केअर: म्हाताऱ्या सशासाठी घ्यावं का?

घ्यावं. हे म्हणजे ससा नीट खात नसेल तर सिरिंजने भरवायचं पावडरीचं खाणं. ससा सात-आठ वर्षांच्या पुढे गेला असेल तर गरज पडायच्या आधीच घरात आणून ठेवावं, कारण आमच्या नेरूळमध्ये रात्री अकराला हे कुठल्याच दुकानात मिळत नाही, पेट शॉपमध्ये विचारलं तर कुत्र्यामांजरांचंच काहीतरी पुढे करतात.

आमचा बबड्या नऊ वर्षांचा आहे. सशाचे सगळे २८ दात आयुष्यभर वाढत राहतात, गवत चावून चावून ते सारखे झिजत राहावे लागतात, बबड्याच्या दाढा वाकड्या झिजल्या आणि खालच्या दाढांची टोकं जिभेला टोचायला लागली. पुढचे दात एकदम छान त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. गवताजवळ जायचा, काडी तोंडात धरायचा आणि टाकून द्यायचा, हनुवटी सतत ओली. मग खाणं कमी झालं की आतडी मंदावतात, लेंड्या बारीक होतात आणि मग बंदच. सशाच्या लेंड्या बंद म्हणजे उद्या बघू असं नसतं हो, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

तर ही पावडर मुख्यतः टिमोथी नावाच्या गवताची आहे, कोमट पाण्यात कालवायची आणि सिरिंजने भरवायची. आम्ही अ‍ॅनिस फ्लेवरची घेतली, बडीशेपेसारखा वास येतो, बबड्याने आधी थुंकली पण आता सिरिंज दिसली की स्वतः पुढे येतो. साध्या पावडरीत गवताचे तंतू जाडसर असतात, ते औषधाच्या बारीक तोंडाच्या सिरिंजमध्ये अडकतात, म्हणून रुंद तोंडाची फीडिंग सिरिंज घ्या, नाहीतर त्यांचंच फाइन ग्राइंड, म्हणजे बारीक दळलेलं, मिळतं ते घ्या. ससा पंच्यात गुंडाळायचा, पाठीवर अजिबात उताणा करायचा नाही, पुढच्या दातांच्या मागे बाजूला जी मोकळी जागा असते तिथून थोडं थोडं द्यायचं आणि चावून गिळेपर्यंत थांबायचं, घाई केली तर फुप्फुसात जातं. किती द्यायचं ते वजनावर ठरतं, डॉक्टरांना विचारा.

पोट फुगून टणक झालं असेल तर मात्र हे भरवू नका!! आत काही अडकलंय का ते एक्स-रेत बघितल्याशिवाय भरवणं धोक्याचं आहे. आणि पावडरीने दाढा झिजत नाहीत, त्या भूल देऊन घासून घ्याव्याच लागतात आणि पुन्हा वाढतात. एका क्लिनिकने फोनवर आम्हाला भूल द्यायच्या आधी रात्रीपासून उपाशी ठेवा सांगितलं, अहो ससा उलटी करूच शकत नाही, त्याला कुत्र्यासारखं उपाशी ठेवायचं नसतं, उलट पोट थांबतं. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक पण सशाला चालत नाही, आतड्यातले चांगले जंतू मरतात. असं काही सांगितलं तर सरळ दुसरा डॉक्टर बघा, सशांचा अनुभव असलेलाच हवा, लांब जावं लागलं तरी जा.

आपल्याकडच्या पावसाळ्यात सगळ्याला दमट वास लागतो, म्हणून फोडलेलं पाकीट हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये, आणि कालवलेलं त्याच दिवशी संपवायचं. ऑनलाइन घेताना एक्स्पायरी डेट आधी विचारून घ्या. पाकीट संपलंच तर सशाच्या पेलेट (खाण्याच्या तयार गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून मिक्सरमधून काढून तात्पुरतं भागतं. लहान बाळांचं सिरियल देऊ नका, त्यात स्टार्च खूप असतो.

बबड्याला आता हे रोज थोडं लागतं, सोबत मऊ कोथिंबीर बारीक चिरून, आणि गवत समोर असतंच, जमेल तेवढं चघळतो. दर आठवड्याला वजन करा, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, खाणं कमी झालेलं आपल्या डोळ्यांना दिसायच्या आधी काट्यावर दिसतं.