यहुदी धर्म आणि निसर्ग : रास्ता पेठेतील अभ्यासवर्गाविषयी अभिप्राय

पुण्याच्या रास्ता पेठेतील सुक्काथ शेलोमो सिनेगॉगपासून (यहुदी प्रार्थनामंदिरापासून) जवळच भरलेल्या या अभ्यासवर्गाला मी तिन्ही रविवारी उपस्थित होतो. जुन्या ग्रंथांमधून आजची पर्यावरणाची घोषवाक्ये शोधून काढण्याचा मोह शिक्षकांनी टाळला, हे मला सर्वांत मोलाचे वाटले.

पहिल्याच दिवशी बायबलमधील ‘उत्पत्ती’ या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायातील पृथ्वी ‘सत्तेखाली आणा’ ही आज्ञा आणि दुसऱ्या अध्यायातील बागेची ‘मशागत व राखण’ ही वचने शेजारी ठेवून वाचली गेली आणि त्यांच्यातील ताण झाकला गेला नाही. ‘बाल तश्हीत’, म्हणजे ‘नासाडी करू नकोस’, या नियमाचे विवेचन तर उत्कृष्ट होते. त्याचे मूळ युद्धाच्या नियमांत आहे : शहराला कितीही दिवस वेढा घातलेला असला, तरी तेथील फळझाडांवर कुऱ्हाड चालवायची नाही (बायबलमधील ‘अनुवाद’ हा ग्रंथ, 20:19-20). फळ न देणारी झाडे मात्र वेढ्याच्या कामासाठी तोडता येतात, हे पुढचे वचनही शिक्षकांनी गाळले नाही. पुढे तालमुद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथातील पंडितांनी दिव्यातले तेल उगाच जास्त जळू देण्यालाही हाच नियम लावला आणि बाराव्या शतकात मायमोनिडीस या यहुदी धर्मपंडितांनी भांडी फोडणे, कपडे फाडणे, झरा बुजवणे, अन्न वाया घालवणे हे सारे त्यात आणले. तेलाचा विषय निघताच कोकणात तेलाचा घाणा चालवणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएल या यहुदी समाजाचे ‘शनवार तेली’ हे नाव आठवणे साहजिक होते. शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या साप्ताहिक विश्रांतीची, आज्ञा बैलालाही विसावा देते, त्यामुळे शनिवारी घाणा थांबला की माणसासोबत बैलही सुटत असे, हा दुवा मला फार भावला.

शमिटा, म्हणजे दर सातव्या वर्षी इस्राएलच्या भूमीला द्यायची विश्रांती, हा विषय मात्र शेवटच्या पाव तासात उरकला गेला. याआधीचे शमिटा वर्ष 2021-22 मध्ये होते. अशा वर्षी शेतकऱ्याने खायचे काय, आणि तेव्हाही जमीन कसता यावी म्हणून ती कागदोपत्री बिगर-यहुदी व्यक्तीला विकण्याच्या तोडग्यावर धर्मपंडितांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वाद का चालू आहे, हे प्रश्न श्रोत्यांनी विचारूनही अनुत्तरित राहिले. दुष्काळ आणि कर्ज जवळून पाहिलेल्या आपल्या वाचकांना नेमके हेच समजून घ्यायचे असते.

टिपणे स्वच्छ मराठीत असून हिब्रू शब्द देवनागरीत दिले आहेत. पुढच्या वेळी शमिटासाठी एक पूर्ण रविवार ठेवला, तर मी पुन्हा नाव नोंदवीन.