लीचेसवर प्रतिस्पर्ध्यांशी ओळख: अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लीचेस हे संकेतस्थळ बुद्धिबळ खेळण्यासाठी कसे आहे, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. थिबो ड्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने 2010 साली ते सुरू केले, ते पूर्णपणे मोफत आहे, त्यावर जाहिराती नाहीत आणि ते देणग्यांवर चालते, एवढे खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक असते. मला लिहायचे आहे ते निराळ्या गोष्टीविषयी. पटाच्या पलीकडे बसलेल्या, पण कधीही न दिसणाऱ्या माणसाशी येथे ओळख होते का, आणि झालीच तर ती टिकते का? कोथरूडमधल्या घरातून, नोकरीच्या वेळा सांभाळून, मी गेले कित्येक महिने येथे नियमित खेळते आहे. प्रतिस्पर्ध्याशी सूर जुळणे हे दोघांच्या स्वभावापेक्षाही डावासाठी निवडलेल्या वेळेवर अधिक अवलंबून असते, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

प्रत्येक खेळाडूला तीन मिनिटे मिळणाऱ्या डावाचा हिशेब करून पाहावा. डाव चाळीस खेळ्यांचा झाला, तर प्रत्येक खेळीच्या वाट्याला साडेचार सेकंद येतात. त्यात पट पाहायचा, बेत करायचा आणि मोहरा हलवायचा. अशा वेळी चॅटमध्ये दोन शब्द टाइप करणे म्हणजे स्वतःच्या घड्याळातली एक खेळी देऊन टाकणे होय. मोबाइलवर खेळणाऱ्याला तर चॅट उघडताच पटावरची नजर काढावी लागते. म्हणूनच डावाच्या आरंभी शुभेच्छा देण्यासाठी आणि शेवटी ‘छान खेळलात’ किंवा ‘धन्यवाद’ म्हणण्यासाठी तयार बटणे दिलेली आहेत. ती सोयीची आहेत, पण त्यांच्यामुळे संभाषण तेवढ्यावरच थांबते. वेळ संपल्यामुळे हरलेल्या खेळाडूला जिंकणाऱ्याने लगोलग ‘छान डाव झाला’ असा तयार संदेश पाठवला, तर तो जखमेवर मीठ चोळल्यासारखा वाटू शकतो. हे शब्द आधी हरणाऱ्याने उच्चारावेत आणि जिंकणाऱ्याने त्यांना उत्तर द्यावे, ही रीत मला योग्य वाटते आणि मी ती कसोशीने पाळते.

मात्र शब्दांवाचूनही येथे बरेच काही बोलता येते, आणि या संकेतस्थळाचा हा गुण मला फार आवडतो. प्रतिस्पर्ध्याच्या घड्याळात 15 सेकंद वाढवून देण्याची सोय येथे आहे. समोरच्याचे इंटरनेट मध्येच तुटून तो परत आला की मी ते बटण आवर्जून दाबते. समोरच्याचे बोट घसरून वजीर भलत्याच घरात पडला, तर त्याला खेळी मागे घेण्याची विनंती करता येते आणि ती मान्य करायची की नाही हे आपण ठरवतो. डाव संपल्यावर पुन्हा खेळण्याचे आमंत्रण येणे किंवा न येणे यातूनही समोरच्याची मनःस्थिती कळते. सलग तीन-चार डाव एकाच खेळाडूशी झाले की त्याच्या खेळण्याची ढब ओळखीची होते. हा घोडे जपणारा आहे, हा उंट सहज देऊन टाकतो, हा हरत असतानाही शेवटच्या प्याद्यापर्यंत लढतो, एवढे आपल्याला त्याचे नाव-गाव माहीत नसतानाही समजलेले असते.

पंधरा मिनिटे आणि प्रत्येक खेळीमागे दहा सेकंदांची भर, या डावात चाळीस खेळ्यांसाठी प्रत्येकाला एकवीस मिनिटांहून अधिक वेळ मिळतो. हा डाव संपल्यावर प्रतिस्पर्धी लगेच निघून जात नाही. पुण्यातल्या स्पर्धांमध्ये डाव संपल्यावर दोघे खेळाडू सभागृहाबाहेर येऊन पट पुन्हा मांडतात आणि ‘येथे मी घोड्याने मारले असते तर?’ असे एकमेकांना विचारत बसतात. तो आनंद या वेळेच्या डावात, थोड्या प्रमाणात का होईना, येथेही मिळतो. त्यासाठी ‘स्टडी’ नावाची सोय आहे. त्यात दोघांना एकाच पटावर खेळ्या मांडता येतात, बाण काढून दाखवता येतात आणि शेजारी लिहिताही येते. मी प्रतिस्पर्ध्याला तेथे बोलावते तेव्हा संगणकाचे मूल्यमापन सुरुवातीला बंद ठेवायला सुचवते, कारण इंजिनाचा, म्हणजे खेळ्या तपासणाऱ्या संगणकप्रणालीचा, आकडा समोर दिसू लागला की दोघेही त्या आकड्याकडे पाहतात आणि एकमेकांना प्रश्न विचारणे थांबते.

तरीही खरी ओळख झाली ती पत्रव्यवहारी डावांमध्ये. या प्रकारात एका खेळीसाठी एक दिवसापासून चौदा दिवसांपर्यंत मुदत ठेवता येते. ही परंपरा जुनी आहे. 1824 ते 1828 या काळात लंडन आणि एडिंबरो या शहरांच्या क्लबांनी टपालाने सामना खेळला होता आणि तो एडिंबरोने जिंकला. आता टपालाची वाट पाहावी लागत नाही, पण विचाराला मिळणारी फुरसत तशीच आहे. प्रारंभीच्या खेळ्यांसाठी पुस्तके पाहण्याची या प्रकारात मुभा आहे, इंजिनाची मदत मात्र घेता येत नाही.

माझा असा एक डाव अर्जेंटिनातील रोसारियो शहरात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांशी झाला. तीन दिवसांची मुदत होती. आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतात तेव्हा त्यांच्याकडे आदल्या रात्रीचे अकरा असतात, त्यामुळे माझ्या सकाळच्या चहाच्या वेळी त्यांची खेळी बहुधा येऊन पडलेली असे आणि तिच्याबरोबर दोन ओळीही असत. ते स्पॅनिशमधून विचार करून इंग्रजीत लिहीत आणि मी मराठीतून, त्यामुळे दोघांचीही वाक्ये छोटी आणि स्वच्छ असत. मी त्यांना सांगितले की आमच्या पुण्याच्या सौम्या स्वामिनाथन यांनी 2009 मध्ये कनिष्ठ मुलींचे जगज्जेतेपद मिळवले ते तुमच्याच देशात, पुएर्तो माद्रिन येथे. हे वाचून त्यांना मनापासून आनंद झाला. उलट त्यांनी मला ब्युनोस आयर्सला 1939 मध्ये झालेल्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडविषयी, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धेविषयी, लिहिले. ती स्पर्धा चालू असतानाच युरोपात महायुद्ध सुरू झाले आणि अनेक खेळाडू मायदेशी परतलेच नाहीत. पोलंडहून आलेले मिगेल नायडॉर्फ त्यांच्यापैकीच एक होते. सिसिलियन बचाव या काळ्याच्या प्रारंभीच्या खेळ्यांच्या पद्धतीतला त्यांच्या नावाचा प्रकार मी वर्षानुवर्षे खेळत आले आहे, पण त्यामागचा हा माणूस घर, कुटुंब आणि देश गमावून तेथे राहिला होता, हे एका प्रतिस्पर्ध्याकडून ऐकताना त्या खेळ्यांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

तो डाव शेवटी हत्ती आणि प्यादे विरुद्ध हत्ती अशा स्थितीला आला. प्यादे त्यांचे होते आणि काळ्या मोहऱ्यांनी मी बचाव करत होते. माझा राजा प्याद्याच्या वाटेत उभा होता आणि हत्ती पांढऱ्याच्या बाजूने मोजलेल्या सहाव्या आडव्या रांगेवर होता. फिलिडॉर यांच्या नावाने ओळखला जाणारा हा बचाव असा आहे की प्यादे त्या रांगेत येईपर्यंत हत्तीने तेथून हलायचे नाही, कारण तोवर पांढऱ्या राजाला पुढे शिरकाव मिळत नाही. प्यादे तेथे आले की मात्र हत्तीने तडक पहिल्या रांगेवर जायचे आणि मागून शह देत राहायचे, कारण आता राजाला आडोसा घ्यायला प्याद्याच्या पुढचे घर उरलेले नसते. कित्येक दिवस ते आपला हत्ती इकडून तिकडे हलवत राहिले आणि मी त्या रांगेवरच येरझारा घालत राहिले. या काळात आम्ही पावसाविषयी, त्यांच्या नातवाविषयी, खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल कसा पाण्याखाली जातो याविषयी लिहिले, पण चालू डावाविषयी एक अक्षरही लिहिले नाही. तसे ठरलेले नव्हते, दोघांनाही ते आपोआप कळत होते. बरोबरी मान्य झाल्यावर त्यांनी लिहिले की, तुम्ही कंटाळून ती रांग सोडाल याची मी वाट पाहत होतो. मग आम्ही ती स्थिती स्टडीत मांडली आणि रांग सोडली असती तर काय झाले असते, ते त्यांनी मला खेळी-खेळीने दाखवले.

चालू डावात बोलावे की नाही, याबाबत समोरासमोरच्या स्पर्धांमध्ये नियम स्पष्ट आहे. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमावलीतील कलम 11.5 नुसार प्रतिस्पर्ध्याचे लक्ष विचलित करणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे त्रास देणे निषिद्ध आहे, आणि अवाजवी बरोबरी मागणेही त्यात येते. ऑनलाइन खेळतानाही मी हाच दंडक धरते आणि इतरांनी धरावा असे मला वाटते.

हे सगळे असे गोड नाही, हेही लिहिलेच पाहिजे. खात्याला स्त्रीचे नाव असेल तर डावाशी काडीचाही संबंध नसलेले संदेश येतात. फोटो मागितला जातो, लग्न झाले आहे का असे विचारले जाते, आणि उत्तर दिले नाही तर पुढच्या संदेशाची भाषा घसरते. मी अशांना उत्तर देत नाही, ब्लॉक करते आणि तक्रार नोंदवते. ज्या महिला यामुळे खेळणेच सोडतात त्यांना माझे कळकळीने सांगणे आहे की आधी सेटिंग्ज बदलून पाहा. आपल्याला संदेश कोणी पाठवावेत आणि आव्हान कोणी द्यावे हे तेथे ठरवता येते, आणि मी दोन्ही फक्त मित्रांपुरते ठेवले आहे. डाव चालू असताना झेन मोड लावला की चॅट आणि इतर सारे दृष्टीआड होऊन पट व घड्याळ तेवढे उरते. माझ्या अकरा वर्षांच्या भाचीच्या खात्यावर किड मोड लावला आहे. त्यामुळे तेथील संवादाची सर्व दारे बंद होतात आणि ती निर्धास्तपणे खेळते. मुलांना ऑनलाइन खेळायला बसवणाऱ्या पालकांनी पहिल्याच दिवशी हे करावे.

नव्याने येणाऱ्याने ओळखी व्हाव्यात अशी इच्छा असेल, तर झटपट डाव सरावापुरते ठेवावेत आणि तीन किंवा पाच दिवसांच्या मुदतीचे मोजकेच पत्रव्यवहारी डाव घ्यावेत. एकाच वेळी फार डाव चालू ठेवले की प्रतिस्पर्धी एकमेकांत मिसळतात आणि कोणाला काय लिहिले होते ते आठवत नाही. अशा वेळी डावाशेजारची खासगी टिपणाची जागा उपयोगी पडते. तेथे मी बेताबरोबरच समोरच्याच्या नातवाची परीक्षा कधी आहे तेही लिहून ठेवते. रोसारियोच्या शिक्षकांशी सध्या दुसरा डाव चालू आहे. या वेळी पांढरे मोहरे माझ्याकडे आहेत आणि त्यांनी सिसिलियनच निवडला आहे.