बटाटा की आलू?

भाजी एकच, पण दोन नावांचा प्रवास अगदी वेगळा. 'बटाटा' हा पोर्तुगीजांबरोबर आलेला शब्द. स्पॅनिशांनी तो कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून उचलला आणि पोर्तुगीजांनी स्पॅनिशांकडून. गंमत अशी, की ताइनोंचा 'बटाटा' म्हणजे आपलं रताळं! खऱ्या बटाट्याला अँडीज पर्वतातले केचुआ भाषक 'पापा' म्हणत. लॅटिन अमेरिकेतले स्पॅनिश भाषक आजही पापाच म्हणतात. स्पेनमध्ये दोन्हींची सरमिसळ होऊन 'पटाटा' झाला. मराठी, कोकणी आणि गुजरातीने पोर्तुगीज नाव आपलंसं केलं.

'आलू' मात्र इथलाच. संस्कृतात आलु, आलुक म्हणजे खाण्याजोगा कंद. नवा कंद आला तेव्हा हिंदी, बंगाली, नेपाळीने जुनंच नाव त्याला दिलं. आलुबुखारातला 'आलू' वेगळा, तो फारसी, अर्थ प्लम.

मग मराठीत आलू नाहीच का? आहे, आणि मला हे फार आवडतं: रक्तालु, म्हणजे लाल कंद, त्याचं झालं रताळं. ताइनोंचा रताळ्याचा शब्द आपण बटाट्याला दिला आणि आलू रताळ्यात ठेवला. वडा मात्र बटाट्याचाच. 'आलूवडा' मराठी जिभेला रुचतच नाही.